फलकावर ९ लाख ९५ हजार, बिल पावणेबारा लाखांचे! नव्या कारची खरी किंमत कशी ठरते?

जाहिरातीत दिसते ती ‘एक्स-शोरूम’ किंमत. ग्राहकाच्या खिशातून जाते ती ‘ऑन-रोड’ रक्कम. या दोन आकड्यांमधील दोन लाखांत सरकारचा वाटा किती, विम्याचा किती आणि शोरूमचा किती? कोणत्या रकमेवर घासाघीस करता येते आणि कोणत्या नाही?

समजा, बेसा येथे फ्लॅट घेऊन राहणारे एक कुटुंब आहे. मेट्रो वर्धा रोडवरून धावते, घर मात्र तिथून आत. मुलांची शाळा एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला आणि घरात वयस्क आई-वडील. दुचाकीवर भागेना म्हणून पहिली कार घ्यायचे ठरते. मोबाइलवर पाहिलेल्या पेट्रोल कारची किंमत ९ लाख ९५ हजार. बँक ९० टक्के कर्ज देते, म्हणजे लाखभर रुपये हाताशी असले की झाले, असा हिशेब करून कुटुंब शोरूममध्ये जाते.

तिथे सेल्समन कोटेशन पुढे सरकवतो. शेवटचा आकडा असतो ११ लाख ९९ हजार ३०५. ‘काका, तुमच्यासाठी पंचवीस हजार कमी करून देतो,’ असे म्हणत तो पावणेबारा लाखांच्या आत आणतो. कुटुंबाला सवलत मिळाल्याचा आनंद होतो. मात्र बँकेने कर्ज एक्स-शोरूम किमतीच्या ९० टक्के, म्हणजे ८ लाख ९५ हजार ५०० रुपयेच मंजूर केलेले असते. लाखभर रुपये घेऊन आलेल्या कुटुंबाला आता पावणेतीन लाखांपेक्षा जास्त रक्कम उभी करायची आहे. मग मुदत ठेव मोडली जाते किंवा जास्त व्याजाचे वैयक्तिक कर्ज निघते.

हे कुटुंब उदाहरणादाखल आहे. हिशेब मात्र आज राज्यात कोणत्याही शोरूममध्ये गेल्यावर समोर येतो तसाच आहे. तो एकेक ओळ करून पाहू.

एक्स-शोरूम किंमत म्हणजे काय?

कारखान्यातून निघालेली गाडी शोरूमपर्यंत येईपर्यंतचा खर्च, कंपनीचा नफा, विक्रेत्याचे कमिशन आणि वस्तू व सेवा कर (जीएसटी) मिळून एक्स-शोरूम किंमत होते. नोंदणी, राज्याचा वाहन कर आणि विमा यात नसतो. म्हणजे या किमतीत गाडी तुमची होते, पण रस्त्यावर आणता येत नाही.

बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत आणि कारची ही किंमत यांत फरक आहे. एमआरपीचा नियम आवेष्टित वस्तूंसाठी आहे. कारची किंमत कंपनी सुचवते, विक्रेता त्यापेक्षा कमीत विकू शकतो. त्यामुळेच एकाच कारचे दोन शोरूममधील कोटेशन वेगळे निघते.

जीएसटी कपातीने काय बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारवरील जीएसटीची रचना बदलली. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल कारवर आता १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी उपकर धरून तो पेट्रोलवर २९ आणि डिझेलवर ३१ टक्के होता. मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के कर आहे. पूर्वी प्रकारानुसार तो ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जात असे. विजेवरील गाड्यांचा ५ टक्के दर कायम राहिला.

आपल्या उदाहरणातील ९ लाख ९५ हजारांच्या छोट्या कारची करापूर्वीची किंमत सुमारे ८ लाख ४३ हजार २२० रुपये आणि त्यावरील जीएसटी सुमारे १ लाख ५१ हजार ७८० रुपये. हा कर फलकावरील आकड्यात आधीच मिसळलेला असल्याने ग्राहकाला तो वेगळा जाणवत नाही. पुढची ओळ मात्र जाणवते.

सर्वांत मोठी भर कशाची?

राज्याच्या मोटार वाहन कराची. लोक त्याला ‘आरटीओ’ किंवा ‘रोड टॅक्स’ म्हणतात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल कारसाठी हा एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलसाठी हेच दर अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के आहेत. सीएनजी गाड्यांवरील कर १ जुलै २०२५ पासून एका टक्क्याने वाढून ८, ९ आणि १० टक्के झाला. कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के कर पडतो. कराची कमाल मर्यादाही त्याच तारखेपासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. विजेवरील गाड्यांना राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार या करातून सूट आहे.

हा कर एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे जीएसटी धरून आलेल्या रकमेवर आकारला जातो. सोप्या शब्दांत, करावर कर. आपल्या कारला ११ टक्क्यांनी १ लाख ९ हजार ४५० रुपये पडतात. त्यातील सुमारे १६ हजार ७०० रुपये हे केवळ जीएसटीच्या रकमेवर बसलेले आहेत. दोन्ही कर एकत्र केले तर ८ लाख ४३ हजारांच्या गाडीवर २ लाख ६१ हजार रुपये कर होतो, म्हणजे जवळपास ३१ टक्के.

त्यामुळे जीएसटी कमी झाला तेव्हा ग्राहकाचा फायदा दुहेरी झाला. एक्स-शोरूम किंमत उतरली आणि तिच्यावर मोजला जाणारा राज्याचा करही उतरला.

दहा लाखांची रेष महत्त्वाची का?

प्राप्तिकराच्या टप्प्यांत वरच्या रकमेवरच वरचा दर लागतो. वाहन कराचे तसे नाही. किंमत १० लाखांच्या वर गेली की पूर्ण रकमेवर वाढीव दर लागतो. शिवाय १० लाखांपेक्षा महाग गाडीवर विक्रेत्याला एक टक्का टीसीएस वसूल करावा लागतो. ही तरतूद १ जून २०१६ पासून आहे.

दोन गाड्या घेऊ. एक ९ लाख ९५ हजारांची, दुसरी १० लाख ५ हजारांची. फलकावरचा फरक फक्त १० हजारांचा. पहिलीला वाहन कर १ लाख ९ हजार ४५०, दुसरीला १ लाख २० हजार ६००. दुसरीवर आणखी १० हजार ५० रुपये टीसीएस. म्हणजे प्रत्यक्षात द्यायच्या रकमेतील फरक ३१ हजार २०० रुपये. वरचे मॉडेल ‘फक्त दहा हजार जास्त’ असे सेल्समन सांगतो तेव्हा हा हिशेब आठवावा.

टीसीएसची रक्कम बुडत नाही. ती तुमच्या पॅनवर जमा होते, फॉर्म २६ एएसमध्ये दिसते आणि विवरणपत्र भरताना देय करातून वजा होते किंवा परत मिळते. मात्र पॅन क्रमांक चुकला किंवा विवरणपत्रच भरले नाही, तर ती परत मिळत नाही.

नोंदणीचा खरा खर्च किती?

कोटेशनमध्ये ‘आरटीओ चार्जेस’ अशी एकच ओळ असेल तर ती फोडून मागावी. केंद्राच्या नियमांनुसार खासगी कारचे नोंदणी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० रुपये आणि कर्जाचा बोजा नोंदवण्याचे १५०० रुपये आहे. म्हणजे कर्जावर घेतलेल्या गाडीला २३०० रुपये. करावर आकारला जाणारा रस्ता सुरक्षा उपकर आणि टपालासारखे किरकोळ खर्च वेगळे. वाहन कर आणि हे शुल्क यांपेक्षा बरीच जास्त रक्कम ‘आरटीओ’च्या नावाखाली दिसली तर उरलेली कशाची, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. सरकारी रकमेची पावती निघते, तीही मागून घ्यावी.

गाडीला ‘एमएच ३१’ क्रमांक मिळो, ‘एमएच ४०’ मिळो की ‘एमएच ४९’, कराचा दर सारखाच असतो. पुणे किंवा अमरावतीतही तोच. त्यामुळे दुसऱ्या शहरातील विक्रेत्याचे कोटेशन आणून तुलना करता येते.

नागपुरात रेल्वे, आयुध निर्माणी, वेकोलि, बँका आणि संरक्षण दलांत बदलीच्या नोकरीतील लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका सुरू झाली. या मालिकेत कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारीही पात्र ठरतात.

विम्यातील कोणती रक्कम ठरलेली, कोणती मोकळी?

विम्याचे दोन भाग वेगळे पाहावेत. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तीन वर्षांचा हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये आणि त्यापुढे २४,५९६ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. हा दर सर्व कंपन्यांना सारखाच, तिथे घासाघीस नाही.

दुसरा भाग ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. झिरो डेप्रिसिएशन, रिटर्न टू इनव्हॉइस, इंजिन प्रोटेक्ट ही जोडसंरक्षणे यातच येतात. याचा दर ठरलेला नाही, कंपनीगणिक बदलतो. कर्ज घेतले असल्यास बँक हा विमा मागतेच. मात्र तो शोरूममधूनच घेतला पाहिजे, असे कोणत्याही कायद्यात नाही. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१७ मध्ये वाहन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विक्रेता ग्राहकाला ठरावीक कंपनीचा विमा घेण्याची सक्ती करू शकत नाही, असे त्यात स्पष्ट आहे.

विक्रेत्याला विम्यावर मोबदला मिळतो, म्हणून ही ओळ फुगवली जाण्याची शक्यता जास्त. दोन विमा कंपन्यांकडून त्याच विमा-मूल्याचे (आयडीव्ही) आणि त्याच जोडसंरक्षणांचे दर मागवले की फरक दिसतो. फक्त हप्ता पाहून तुलना करू नये. आयडीव्ही कमी दाखवला की हप्ता आपोआप कमी दिसतो आणि गाडी चोरीला गेल्यावर भरपाईही कमी मिळते.

गाडीमालकाला १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आवश्यक असते. ते तुमच्याकडे आधीपासून असेल तर तसे लिहून देऊन पुन्हा घेणे टाळता येते.

शोरूमच्या ओळी कोणत्या?

आता उरतात त्या ओळी ना सरकारच्या, ना कायद्याच्या. सीट कव्हर, मॅट, साइड बीडिंग यांचे ‘अॅक्सेसरीज किट’, टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग, वाढीव वॉरंटी, रस्त्यावरील मदतीची योजना आणि ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स चार्जेस’.

गाडी गोदामातून शोरूममध्ये आणणे, धुणे, तपासणे हा विक्रेत्याच्या धंद्याचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यात ‘हँडलिंग चार्ज’ नावाचे कोणतेही शुल्क नाही. ग्राहकाने ते नाकारले म्हणून नोंदणी अडत नाही. ‘इतके तर सगळेच देतात ना जी,’ हे उत्तर मिळते, पण ते नियम नव्हे.

किटची सक्ती असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट या कायद्याने ‘निर्बंधात्मक व्यापारी प्रथा’ मानली आहे. वाढीव वॉरंटी मात्र सरसकट नाकारण्यासारखी नाही. गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल तर ती उपयोगी ठरू शकते. ती आजच घ्यायची की मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी, एवढे विचारून घ्यावे.

आपल्या कुटुंबाचे कोटेशन आता पुन्हा पाहू

एक्स-शोरूम : ९,९५,००० रुपये
वाहन कर : १,०९,४५० रुपये
नोंदणी, कार्ड, बोजा : २,३०० रुपये
तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, जीएसटीसह : १२,५५५ रुपये
ओन डॅमेज विमा : ३४,००० रुपये
अॅक्सेसरीज : १८,००० रुपये
कोटिंग : ७,५०० रुपये
वाढीव वॉरंटी : १४,००० रुपये
हँडलिंग : ६,५०० रुपये
एकूण : ११,९९,३०५ रुपये

(शेवटच्या पाच ओळींतील रकमा उदाहरणादाखल आहेत. उपकर आणि फास्टॅगसारख्या लहान रकमा यात धरलेल्या नाहीत.)

एक्स-शोरूम किमतीवर एकूण २ लाख ४ हजार ३०५ रुपयांची भर पडली. त्यातील १ लाख २४ हजार ३०५ रुपये कर, शुल्क आणि थर्ड पार्टी विम्याचे. ते द्यावेच लागतात. उरलेले ८० हजार मात्र ग्राहकाच्या होकारावर अवलंबून आहेत.

शोरूमने २५ हजारांची सवलत दिली, तीही या ८० हजारांच्या ओळी भरून घेतल्यावर. कुटुंबाने ओन डॅमेज विमा बाहेरून १० हजारांनी स्वस्त घेतला, कोटिंग आणि हँडलिंग नाकारले, अॅक्सेसरीजमध्ये गरजेपुरते ५ हजारांचे सामान घेतले, तर वाचतात ३७ हजार. मिळालेल्या सवलतीपेक्षा नाकारलेल्या ओळींची रक्कम मोठी. वॉरंटी कायम ठेवून आणि सवलत धरून बिल ११ लाख ३७ हजार ३०५ वर येते.

सवलत किती द्यायची, हे कोण ठरवते?

यावर देशात मोठा वाद झाला आहे. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. स्वतःला मारुती सुझुकीचा विक्रेता म्हणवणाऱ्या त्या व्यक्तीची तक्रार महाराष्ट्रातील विक्रीबाबत होती. कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत विक्रेत्याने दिली तर त्याला दंड होतो, असे तिचे म्हणणे होते. आयोगाच्या चौकशीत पुढे आले की, ग्राहक असल्याचे भासवून शोरूममध्ये जाणारी माणसे नेमली जात आणि जास्त सवलत देणारे विक्रेते पकडले जात. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याला अपिलात आव्हान दिले. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईवर अशाच कारणासाठी ८७ कोटींचा दंड झाला होता, तो अपिलीय न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये रद्द केला.

ग्राहकाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट कळते. एकाच कंपनीच्या दोन विक्रेत्यांमध्ये चढाओढ लागली तरच किंमत उतरते. म्हणून एकाच शोरूममध्ये तीन फेऱ्या मारण्यापेक्षा तीन शोरूममध्ये एकेक फेरी मारणे फायद्याचे.

सवलतीचे प्रकारही निरखावेत. रोख सवलत, जुनी गाडी दिल्यास एक्स्चेंज बोनस, नोकरीनुसार कॉर्पोरेट सवलत असे तुकडे असतात. एक्स्चेंज बोनस मोठा दाखवून जुन्या गाडीचा भाव पाडला तर हाती काही उरत नाही. जुन्या गाडीचा बाहेरचा भाव आधी काढून ठेवावा. आणि सवलत तोंडी न ठेवता इनव्हॉइसवर आणावी. विक्रीच्या वेळीच बिलात दाखवलेली सवलत जीएसटीच्या मूल्यातून वगळली जाते, त्यामुळे करही कमी बसतो.

मुहूर्ताची किंमत

एक काळ असा होता की ग्राहक फलकावरील किमतीपेक्षा जास्त पैसे खुशीने देत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा नोंदणी करून वाट पाहावी लागे आणि लवकर हवी असेल तर वरून ‘ऑन’ मोजावा लागे. बजाजच्या स्कूटरचेही तेच. माल कमी आणि घेणारे जास्त असले की फलकाच्या वर पैसे जातात. माल पडून राहिला की सवलती निघतात.

आजही हाच नियम चालतो. दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा किंवा अक्षय तृतीयेला गाडी दारात हवीच, असे विक्रेत्याला कळले की घासाघीस तिथेच संपते. मुहूर्त पाळायचाच असेल तर किंमत महिनाभर आधी ठरवून लेखी घ्यावी. डिसेंबरअखेर सवलती वाढतात, पण महिन्याभरात गाडी कागदावर एक वर्ष जुनी होते आणि पुढे विकताना त्याचा फटका बसतो. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. ते पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

‘हप्त्यात बसते’ म्हणजे स्वस्त नव्हे

कोटिंग आणि किटची रक्कम कर्जात बसवू, महिन्याला आठशेच रुपये वाढतील, हा नेहमीचा सल्ला. ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी ५० हजार जास्त घेतले तर हप्ता सुमारे ८०५ रुपयांनी वाढतो. सात वर्षांत त्या ५० हजारांचे सुमारे साडेसदुसष्ट हजार होतात. सीट कव्हर त्याआधीच फाटलेले असते.

बुकिंगपूर्वी काय करावे?

- प्रत्येक ओळ वेगळी दाखवणारे, शोरूमच्या नावाचे लेखी कोटेशन मागा. व्हॉट्सअॅपवरील एका आकड्यावर पैसे देऊ नका.
- तुलना सवलतीची नको, शेवटी द्यायच्या रकमेची करा.
- बँकेला आधीच विचारा, कर्ज एक्स-शोरूम किमतीवर की ऑन-रोड किमतीवर?
- बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.
- विम्याचे दोन दर बाहेरून आणा.
- गाडी मिळाल्यावर कर इनव्हॉइस, कराची पावती, विमा पॉलिसी आणि कोटेशन एकत्र ठेवून ताळा करा.
- रक्कम जुळत नसेल तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

बेसातील त्या कुटुंबाने शोरूमला जाण्यापूर्वी एक्स-शोरूम किमतीत वाहन कर, नोंदणी आणि विमा स्वतः मिळवून पाहिला असता, तर लाखभर रुपये पुरणार नाहीत हे घरीच कळले असते. मग एक पायरी खालचे मॉडेल घ्यायचे की सहा महिने थांबून पैसे साठवायचे, हा निर्णय मुदत ठेव मोडण्याआधी घेता आला असता. हा हिशेब मांडायला मोबाइलवर दहा मिनिटे लागतात आणि तो सेल्समनशी बोलणे सुरू होण्यापूर्वी झालेला असावा.